पाळणा लांबला की थांबला?

गेल्या महिन्यात कागलला आतेबहिणीचं डोहाळजेवण होतं. ती ३३ वर्षांची, पुण्यात एका आयटी कंपनीत, पहिलंच बाळंतपण. आत्या ओटीच्या ताटात खण, नारळ, पाच फळं मांडत होती आणि मांडता मांडता म्हणाली, "तुझ्या वयात माझं सगळं आवरून झालतं बघ."

आत्या खरंच बोलत होती. १९८९ साली, विसाव्या वर्षी, तिला मुलगा झाला. १९९२ ला मुलगी, आणि १९९४ ला पंचविसाव्या वर्षी ती ऑपरेशन करून मोकळी झाली. आमच्याकडं 'ऑपरेशन' म्हटलं की कशाचं, हे विचारावं लागत नाही. म्हणजे आत्याच्या घरी मुलं दोन. आतेबहिणीला एक होईल, जमलंच तर दुसरं. दोन्ही घरं छोटीच. पण आई लवकर थांबली म्हणून घर छोटं राहिलं आणि लेक उशिरा सुरू करतेय म्हणून राहणार आहे. वर्तमानपत्रातले जननदराचे आकडे या दोघींना एकाच पोत्यात भरतात, आणि मग मथळा येतो की 'करिअरसाठी तरुणींनी मातृत्व लांबवलं, लोकसंख्या घटणार'. या मथळ्यात एक भाग खरा, एक अर्धा खरा आणि एक निव्वळ कॅलेंडरची गंमत आहे. तेवढं जरा सोडवून बघू.

आधी आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ साली, भारताचा एकूण जननदर, म्हणजे ढोबळमानानं दर बाईमागं मुलं, ३.४ होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो २.० वर आला. त्याच फेरीत महाराष्ट्राचा आकडा १.७ होता. एका पिढीनं आपल्याएवढीच दुसरी पिढी मागं ठेवायची तर दर बाईमागं साधारण २.१ मुलं लागतात, आणि महाराष्ट्रात आपण त्या रेघेच्या चांगलंच खाली आहोत. मात्र ही उतरण झाली ती मुख्यतः आत्याच्या पद्धतीनं. लग्न लवकर, मुलं लवकर आणि लगेच ऑपरेशन. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली होती. (पुरुष नसबंदीचा देशभरातला आकडा ०.३ टक्के. यावर मी काही बोलत नाही, घरात वाद होतात.) देशात २५ ते ४९ वयाच्या बायकांना पहिलं मूल झालं तेव्हाचं मध्यक वय (ज्याच्या आधीच निम्म्या बायका आई झालेल्या असतात) २१ च्या आसपास निघतं. याला उशीर कोण म्हणेल?

म्हणजे आजवरच्या घसरणीचं खापर उशिरावर फोडता येत नाही. उशीर हे प्रकरण आता कुठं सुरू होतंय, तेही शहरात, शिकलेल्या घरांत. त्याच महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. एकीकडं तेहतिसावं वर्ष आणि दुसरीकडं सतरावं, दोन्ही एकाच राज्यात, कधी कधी एकाच भावकीत.

आता 'एकूण जननदर' म्हणजे नेमकं काय ते बघायला हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे. लोकांना वाटतं की बायकांना विचारायचं, किती मुलं झाली, आणि सरासरी काढायची. तसं नसतं. विशीतल्या, तिशीतल्या बायकांची मोजणी अजून चालूच असते ना, त्यांचा शेवटचा आकडा आज कुठून आणणार? म्हणून एक युक्ती करतात. या एका वर्षात १५ वर्षांच्या दर हजार मुलींमागं किती बाळं जन्मली, १६ च्या किती, १७ च्या किती, असं करत ४९ पर्यंत यायचं आणि सगळ्याची बेरीज मारायची. त्यातून एक काल्पनिक बाई तयार होते, जी आपलं १५ ते ४९ चं सगळं आयुष्य या एकाच वर्षात जगते. तिला जितकी मुलं होतील तो एकूण जननदर. अशी बाई अर्थातच कुठं नसते. तरी पाळण्याचा वेळ जोवर स्थिर असतो तोवर तिच्यावर विश्वास ठेवता येतो. वेळ सरकायला लागला की ती थापा मारते.

कशी ते पाहा. समजा एक गाव आहे, तिथं प्रत्येक वयाच्या बरोबर १०० बायका आहेत आणि प्रत्येकीला एकच मूल होतं, पंचविसाव्या वर्षी. दर वर्षी गावात १०० बारशी. एका वर्षी नव्यानं पंचविशीत आलेल्या पोरी म्हणाल्या, आम्ही एक वर्ष थांबतो, सव्विसाव्याला बघू. आणि त्यांच्या मागच्याही तसंच करू लागल्या. त्या वर्षी काय होईल? सव्विशीतल्यांची बाळंतपणं गेल्याच वर्षी उरकलीत, पंचविशीतल्या थांबल्यात. गावात बारसं शून्य! काल्पनिक बाईला त्या वर्षी मूलच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा १००, त्याच्या पुढं पुन्हा १००. गावातल्या एकाही बाईला एकही मूल कमी झालं नाही, तरी एका वर्षाचा आकडा शून्यावर आला.

हाच एका वर्षाचा उशीर एकदम न होता दहा वर्षांत हळूहळू झाला, तर त्या दहाही वर्षांत साधारण दहावा हिस्सा जन्म कमी दिसतात. जॉन बोंगार्ट्स आणि ग्रिफिथ फीनी या दोन लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९९८ साली यावर सोपं गणित मांडलं. आईचं सरासरी वय वर्षाला जेवढं सरकतं तेवढं एकातून वजा करायचं, आणि दिसणाऱ्या जननदराला त्यानं भागायचं. वय वर्षाला ०.१ नं वाढतंय आणि जननदर १.८ दिसतोय, तर १.८ भागिले ०.९, म्हणजे २. (ते पहिलं मूल, दुसरं मूल असं वेगवेगळं काढून मग बेरीज करतात, पण गाभा हाच.) तो ०.२ चा फरक म्हणजे न झालेली मुलं नव्हेत, पुढं ढकललेली.

आमच्या भागातल्या माणसाला हे उसावरून पटकन कळतं. बाईला शेत म्हणायची आपल्याकडं जुनी खोड आहे आणि ती मला अजिबात आवडत नाही, त्यामुळं हा दाखला फक्त आकड्यापुरता. एखाद्या हंगामात कारखान्याचं गाळप घटलं म्हणजे गटात ऊस कमी लागला असं होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत 'सुरू' लागण करणारे बरेच जण जुलै-ऑगस्टच्या 'आडसाली' लागणीकडं वळले आणि तोड पुढच्या हंगामात गेली, तरी यंदाचा आकडा पडतो. ऊस रानात उभाच असतो. गाळपाचा आकडा बघून लागणीचा अंदाज बांधणारा माणूस फसतो.

खऱ्या जगात असं वर्ष येऊन गेलंय. आपल्याकडं जुन्या पंचांगवाल्यांच्या मते सिंहस्थात लग्नं करायची नसतात, आमच्या आजोबांच्या काळी गुरू सिंहेत असला की वाजंत्र्यांना काम नसायचं. तसं जपानमध्ये साठ वर्षांतून एकदा 'अग्निअश्व' वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते अशी समजूत. आपल्याकडच्या कडक मंगळासारखीच, फक्त अख्ख्या वर्षाला लागलेली. १९६६ हे तसं वर्ष होतं. जपानचा जननदर १९६५ मध्ये २.१४ होता, १९६६ मध्ये धाडकन १.५८ झाला आणि १९६७ मध्ये २.२३ वर गेला. वर्षभरात जपानी बायकांची मुलांची हौस मेली आणि परत जिवंत झाली असं थोडंच आहे? वेळ तेवढी सरकवली. २०२६ हे पुन्हा अग्निअश्व वर्ष. आजच्या जपानी पोरी ते किती मानतात हे त्या वर्षाच्या आकड्यातच दिसेल.

मग पुढं ढकललेली सगळी मुलं नंतर जन्माला येतात का? काही येतात. चेक प्रजासत्ताकाचा जननदर १९९९ मध्ये १.१३ पर्यंत खाली गेला होता. साम्यवादी राजवट गेली, बाहेरचं जग खुलं झालं, आणि विशीच्या सुरुवातीलाच आई होणाऱ्या पोरी एकदम थांबल्या. सगळे म्हणाले, संपलं. पण त्याच पोरी तिशीत आई झाल्या आणि २०२१ ला आकडा १.८३ वर चढला. पुढं तो पुन्हा घसरला, म्हणजे तिथंही सगळं घड्याळाचंच होतं असं नाही. दक्षिण कोरियाची गोष्ट वेगळी आहे. तिथं पहिल्या बाळंतपणाचं सरासरी वय ३३ वर पोचलंय आणि २०२३ चा जननदर होता ०.७२. एवढा खड्डा नुसत्या उशिरानं पडत नाही. तिथं लग्नंच कमी झालीत, आणि लग्नाशिवाय मूल तिथंही आपल्यासारखंच दुर्मीळ.

उशिराचं रूपांतर 'नाही' मध्ये कुठं होतं? पहिली जागा शरीर. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि नवीन काही तयार होत नाही. पस्तिशीनंतर संख्या आणि दर्जा दोन्ही वेगानं उतरतात, गर्भपाताची शक्यता वाढते. आँरी लेरिदों या फ्रेंच अभ्यासकानं २००४ साली याचा हिशेब मांडला. तिसाव्या वर्षी प्रयत्न सुरू करणाऱ्या १०० जणींपैकी ७५ जणींना वर्षभरात असा गर्भ राहतो जो पुढं जिवंत बाळ म्हणून जन्मतो. पस्तिसाव्या वर्षी सुरू केलं तर ६६, चाळिसाव्या वर्षी ४४. चार वर्षं थांबायची तयारी असेल तर ९१, ८४ आणि ६४.

हे आकडे मला दोन्ही बाजूंनी महत्त्वाचे वाटतात. तीस ओलांडली की 'झालं आता' म्हणणाऱ्या बायका आमच्या गल्लीत ढिगानं आहेत, त्यांनी ८४ बघावं. आणि 'आयव्हीएफ आहे की' म्हणणाऱ्यांनी लेरिदोंची पुढची ओळ वाचावी. तीसवरून पस्तीसवर ढकलल्यामुळं जी बाळंतपणं हुकतात, त्यातली निम्मीच अशा उपचारांनी भरून निघतात. पस्तीसवरून चाळीसवर ढकलली तर तीस टक्केसुद्धा नाहीत. स्वतःचं बीज वापरायचं असेल तर त्याचं वय यंत्रानं कमी होत नाही. पुरुषांचंही वय मोजलं जातं, शुक्राणूंचा दर्जा चाळिशीनंतर घसरतो. पण तपासण्यांची फाईल घेऊन आधी बाईच फिरते, आणि तो महाशय सहा-आठ महिन्यांनी, सगळ्यांनी समजूत काढल्यावर, एकदाची तपासणी करून घेतो.

दुसरी जागा म्हणजे दुसरं मूल. उशिराचा खरा फटका पहिल्याला फारसा बसत नाही, दुसऱ्याला बसतो. आतेबहिणीला ३३ ला पहिलं. ते अडीच-तीन वर्षांचं झाल्यावर दुसऱ्याचा विचार, म्हणजे ३६. तेवढ्यात फ्लॅटचा हप्ता, प्लेग्रुपची फी आणि नोकरीत नुकतीच हाती आलेली टीम. ती काही ठरवून 'एकच पुरे' म्हणणार नाही. ती म्हणेल, 'बघू पुढच्या वर्षी.' असं तीनदा म्हणून झालं की चाळिशी. 'नको' असा निर्णय कुणी घेतलेलाच नसतो, आणि जननदरात तो एक पूर्ण आकड्यानं उमटलेला असतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती तक्त्यात कुठं दिसत नाही. आत्याची पोरं लहान असताना तिची सासू पंचेचाळिशीची होती. भल्या पहाटे उठून धार काढायची आणि नातवाला काखेत मारून वैरणीला जायची. आज आत्या ५६ ची, गुडघे धरलेत. बाळंतपणाला पुण्याला जाणार म्हणते, पण तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट चालू आहे का ते आधी विचारून घेतलंय. आणि आतेबहिणीच्या लेकीनंही तेहतिशीतच आई व्हायचं ठरवलं, तर तिची आई आजी होईल ६६ व्या वर्षी. एका पिढीचा उशीर पोरीच्या अंगावर येतो, दोन पिढ्यांचा आजीच्या.

पिढीचं हे अंतर नुसतं गुडघ्यांचं नाही, लोकसंख्येचंही आहे. पणतू बघितला की म्हाताऱ्या माणसांवर सोन्याची फुलं उधळायची आपल्याकडं रीत आहे. दर पिढी बाविसाव्या वर्षी आई होत असेल तर पणजी ६६ ची असते. तेहतिसाव्या वर्षी होत असेल तर ९९ ची. घरटी मुलं दोनच धरा, दोन्हीकडं सारखी. तरी पहिल्या घरात एका वेळी चार पिढ्या नांदतात आणि दुसऱ्यात तीन. म्हणजे एकही मूल कमी न होता, नुसत्या उशिरानं, एका वेळी जिवंत असणारी माणसं कमी होतात. उशीर म्हणजे फक्त कॅलेंडरचा भास असं म्हणणाऱ्यांची बाजूही इथं लंगडी पडते.

उशीर होतो कशानं, यावर मी थोडक्यात सांगते, कारण हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुली शिकल्या. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ती सुरुवात धरली तर ही शंभर वर्षांची वाट आहे. त्याबद्दल हळहळ करणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. शिक्षण लांबलं, नोकरी लागायला वेळ, कायम व्हायला त्याहून वेळ, मग घर, मग लग्न. सगळं वाजवी आहे.

पण कोल्हापुरात उशिराचं एक कारण असं आहे ज्याला वाजवी म्हणता येत नाही, आणि मथळ्यांत ते कधी येत नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं मुली होत्या ८३९. नैसर्गिकपणे त्या साडेनऊशेच्या आसपास असायला हव्या होत्या. दूध, साखर, फाउंड्री, पैसा, सगळं असलेला जिल्हा, आणि सोनोग्राफीचा पैसाही होता. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चाच, म्हणजे ही पोरं जन्मली तेव्हा तो कागदावर होता. २०११ ला आकडा ८६३ झाला, थोडा बरा. आता २००१ ला सहाच्या आत असलेली ती पोरं आज किती वर्षांची? पंचविशी ते तिशी. लग्नाच्या वयाची.

म्हणून गावोगाव पोरांची लग्नं अडलीत. 'शेतकरी नको, पुण्याचा नोकरीवाला पाहिजे' म्हणून मुलींना नावं ठेवली जातात. अरे, मुली आहेतच किती? ज्या आहेत त्या निवडणारच. यात जननदराच्या हिशेबातला एक बारकावाही आहे. २.१ ही रेघ कुठून आली? निसर्गात १०० मुलींमागं साधारण १०५ मुलगे जन्मतात. एका आईच्या जागी एक मुलगी यायची तर २.०५ मुलं जन्मावी लागतात, थोडी मोठी होण्याआधी दगावतात, म्हणून २.१. आता ८३९ घालून बघा. एका मुलीमागं ढोबळमानानं २.१९ मुलं, आणि दगावणारी वेगळी. म्हणजे मुली कमी केल्या की रेघच वर सरकते. आपण एकाच वेळी मुलंही कमी केली आणि किती लागतात तो आकडाही वाढवून ठेवला.

कायदे मात्र अजून जुन्याच काळजीत आहेत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्याला महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट मात्र घसरत चाललाय आणि मास्तर घरोघर फिरून पोरं गोळा करतात. सगळा दोष जननदराचा नाही. शेजारच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस दारात येते हेही कारण आहेच. पण पहिलीच्या वर्गात आठ पोरं असलेल्या गावात 'तिसरं मूल नको' ची अट वाचताना गंमत वाटते. देशाची लोकसंख्या अजून काही दशकं वाढत राहणार, कारण आज आई होण्याच्या वयाच्या बायका संख्येनं जास्त आहेत. पाळणे कमी आणि माणसं जास्त, असं एकाच वेळी चालू राहील. गाडीचा ब्रेक दाबला तरी ती जाग्यावर थांबत नाही, तसं.

आणि हो, एकूण जननदर बायकांवरून मोजतात, त्यामुळं पुरुषांचा उशीर त्यात थेट कुठं दिसतच नाही. आत्याचा थोरला, १९८९ चा, आज ३६ चा आहे. अडीच एकर ऊस, चार म्हशी, निर्व्यसनी. त्याच्यासाठी बघतात त्या मुली पाच-सहा वर्षांनी लहान, म्हणजे नेमक्या त्या ८३९ मधल्या. आत्याकडं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बायोडाटांची चवड आहे, वर गणपती, खाली 'अपेक्षा : नोकरी, शक्यतो पुणे'. डोहाळजेवणाला जेवणं झाल्यावर बायकांनी त्याला गाठलंच. "बहिणीचं झालं, आता तुझा नंबर कधी?" तो हसला, विडा खिशात घातला आणि म्हणाला, "लाइट आल्या, मोटर चालू करून येतो." शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. दुपारचे तीन वाजले होते.